हरकत न्हाई

संशय हा दुर्गुणच आहे, असे सरसकट म्हणता येत नाही. आपल्या जुन्या नैयायिकांनी त्याला ज्ञानाच्या वाटेवरचे पहिले पाऊल मानले. तिन्हीसांजेला दूरवर उभे दिसते ते माणूस आहे की वठलेल्या झाडाचा खुंट, हा प्रश्न ज्याला पडतो तोच चार पावले पुढे जाऊन पाहतो. परंतु जो पुढे जाण्याचे कष्ट न घेता जागच्या जागी संशय कुरवाळत बसतो, त्याला हळूहळू आपली माणसेही खुंटासारखी दिसू लागतात. एखादी गोष्ट गावाला गरजेपोटी हवी असावी आणि एका माणसाला अनुभवापोटी नको असावी, तेव्हा तो वाद धर्म आणि अधर्म यांचा नसतो. उंबरटेकच्या हनुमंत ओव्हाळांवर त्या आषाढात असाच प्रसंग आला होता.

मावळातले टाकवे बुद्रुक मागे टाकून, धरणाच्या फुगवट्याला वळसा घालून रस्ता डोंगराला भिडतो, तिथे उंबरटेक ही साठ उंबऱ्यांची वस्ती आहे. वस्तीच्या वरचा माळ फार पूर्वी मुंबईच्या कुणा मालकाने घेतला होता. आता एका कंपनीने तिथे रिसॉर्ट बांधायचे योजले होते. चाळीस कॉटेज, पोहायचा तलाव आणि गावातल्या बायामाणसांना काम. गावाचा त्याला पाठिंबा होता, आणि तो कुणाच्या धाकाने नव्हे, मनापासून होता.

त्याच माळाच्या कुशीत एक झरा होता. छप्पन साली दीक्षा घेऊन परतल्यावर हनुमंतआबांच्या वडिलांनी चौघा भावकीला हाताशी धरून, आठ दिवस खपून तो दगडांनी बांधून काढला होता. कारण तोवर गावच्या विहिरीवर त्यांची घागर चालत नव्हती. आता घरोघर नळ होते. पण चैत्र उलटला की नळातून नुसती हवा येई, आणि ज्यांनी ओव्हाळांची घागर अडवली होती त्यांच्या नातसुनाही हंडे घेऊन त्याच झऱ्यावर जात. झऱ्याची पायवाट माळातून होती. सातबाऱ्यावर ती कुठेच नव्हती.

'ती वाट कागदावर लिहून द्या, मग सही करतो,' एवढेच आबांचे म्हणणे होते. पाठिंब्याचा अर्ज घरोघर फिरला तेव्हा कंपनीची अनघाताई हसून म्हणाली होती, "अहो आबा, वाट कोण बंद करतंय?" त्या हसण्याने आबांचा जीव अधिकच धास्तावला. त्यांनी सही केली नाही. त्याला पंधरा दिवस झाले होते.

आता ते बांधावर उभे राहून रोपाकडे पाहत होते. इंद्रायणी भाताचे रोप पोपटी रंग टाकून गर्द हिरवे झाले होते. पाऊस थांबत नव्हता. खालच्या खाचरात चिखलणी होऊन चिखल तयार होता आणि त्यावर पाणी नितळ बसले होते. फक्त माणसे नव्हती.

"रोप गुडघ्याला लागाया लागलं," त्यांच्या पत्नी भागुबाई मागून म्हणाल्या. साडीचा ओचा वर खोचून त्या बांधावरचे गवत उपटत होत्या. "अजून आठ दिस ऱ्हायलं तर फुटवा धरायचं न्हाई."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर कुनाला सांगा की. चिमाबाईकडं जावा."

"मी न्हाई जायाचा. सावड मागाया गेलो की त्या सही मागत्याल."

मावळातली लावणी सावडीने होते. आज तू माझ्या खाचरात वाक, उद्या मी तुझ्या. तिथे मजुरी नसते आणि बोलावणेही नसते. तोंडी शब्द असतो आणि तो मोडत नाही. दरवर्षी वस्तीची लावणी कुणाकडे कधी, हे आषाढ लागताच ओट्यावर ठरे. यंदा ते ठरवताना आबांच्या दारात कुणी आले नव्हते. आबांनी याचा एकच अर्थ लावला होता.

चिखलणी करून दिली होती ती दस्तगीरने. तो वस्तीतलाच, पन्नाशीचा. एक पॉवर टिलर आणि एक जीप यांवर त्याचे घर चाले. रविवारी दुपारी टिलर न्यायला आला तेव्हा तो चिखलात बोट बुडवून म्हणाला, "आबा, लोन्यावानी झालाय बगा. आता रोप टाका, न्हायतर म्हशी येऊन लोळत्याल."

"मानसं कुटं हायती?"

"हाक मारा की. आता कसला रुसवा ऱ्हायलाय? यादीत नाव चढलंय तुमचं."

"कसली यादी?"

"पाठिंब्याची. पंचायतीच्या भिंतीला लावलीय. चौदावं नाव. हनुमंत सखाराम ओव्हाळ." दस्तगीर टिलरचा दांडा पुसत हसला. "मी रोशनबीला म्हनलं, आबांना कुनी समजावलं असंल? ती म्हनली, सुनंबिगार कुनाचं ऐकत्यात ते?"

 आबांच्या पायाची बोटे चिखलात रुतली होती. ती त्यांनी एकेक करून बाहेर काढली.

*

तुंगार्ली हा शब्द आबांच्या मनात काट्यासारखा रुतून बसला होता. चाळीस वर्षांपूर्वी लोणावळ्याच्या या भागात ते गवंड्याच्या हाताखाली होते आणि पुढे स्वतः गवंडी झाले. तळ्याच्या बाजूला एका बंगल्याच्या कुंपणाचे काम होते. कुंपणाच्या रेषेतून एक पायवाट तळ्याकडे उतरत होती. मालक सभ्य होता. "गेट ठेवतोय, बिनघोर बांधा," असे तो म्हणाला, आणि त्याने गेट ठेवलेही. दुसऱ्या वर्षी गेटला कुलूप आले. तिसऱ्या वर्षी गेट काढून तेवढी जागा दगडांनी भरून घ्यायची होती, आणि त्या कामाला हनुमंत गवंड्यालाच बोलावणे आले. तो गेला. शेवटचे थर चढत असताना धुण्याची पाटी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी पलीकडे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आता मी कुटनं जाऊ?" हनुमंताने ओळंब्याकडे पाहिले. पुढचा दगड बसवला.

त्या तुंगार्लीतच आता त्यांची सून कामाला जात होती. ज्योत्स्ना सकाळी सहाच्या जीपने कान्ह्याला उतरे, तिथून लोकलने लोणावळा आणि पुढे पायी हॉटेल. आषाढातला रविवार म्हणजे पावसाच्या हौशी पाहुण्यांचा दिवस. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा साडीच्या निऱ्या पोटऱ्यांना चिकटल्या होत्या आणि हाताच्या बोटांची कातडी फरशीच्या औषधाने सोलून पांढरी पडली होती. तिचा नवरा प्रज्ञेश कारखान्यात दुसऱ्या पाळीवर होता. आठ वर्षांची चैताली आजीच्या मांडीवर डोके ठेवून धडा वाचत होती.

आबांनी तिला पदर पिळण्याइतकीही उसंत दिली नाही.

"यादीत माझं नाव कुनी लिवलं?"

"कुठल्या यादीत?"

"पाठिंब्याच्या. चौदावं."

ज्योत्स्ना उंबऱ्यातच थांबली. "मला न्हाई माहीत. मी माझं लिहिलं. माझ्या हातानं लिहिलं, लपून न्हाई."

"बचत गटाचं दप्तर तुझ्याकडं. बायांच्या सह्या तू फिरून घेतल्या. मग माझं नाव काय वाऱ्यानं लिवलं?"

"आबा, मी असं करीन?"

"करशील का न्हाई, मला काय ठाऊक? मंगळवारी सुट्टी असती, तर सुदुंबऱ्याला म्हायेरी जातो म्हनून सांगतीस. दर मंगळवारी कसलं म्हायेर? त्या कंपनीच्या बाईच्या गाडीत हिंडत असशील."

भागुबाईंनी चैतालीचे डोके मांडीवरून खाली ठेवले. "आवो, काय बोलताय!"

ज्योत्स्नाचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "आबा, मी दिवसाला बारा बाथरूम धुते. पहाटे निघते तवा ही झोपल्याली असती. येते तवा हिचे डोळे मिटायला लागल्याले असत्यात. तेच काम हितं डोंगरावर मिळणार असंल तर मी न्हाई का म्हनू? लेकीला शाळंतनं येताना बघीन तरी."

"तुंगार्लीला बी असंच गोड बोललेवते."

"तुंगार्लीची भिंत तुमी बांधलीत, आबा. मी न्हाई."

ज्योत्स्नाने उंबऱ्याबाहेर पदर पिळला. मग म्हणाली, "उद्या सकाळी—"

"उद्याचं उद्या. मला काय सांगू नगं."

ती आत गेली. उद्याची गोष्ट तिने फक्त सासूच्या कानावर घातली.

*

सोमवारी सकाळी ज्योत्स्नाची जीप गेल्यावर तासाभराने आबा खाचरावर पोहोचले, तर बांधाच्या टोकाला निळे-पिवळे प्लास्टिकचे कागद पांघरलेल्या सात-आठ बाया येताना दिसल्या. पुढे चिमाबाई होत्या, पासष्ट वर्षांच्या, पण चिखलात अजून कुणाला मागे टाकणाऱ्या. त्यांच्या मागे दस्तगीरची रोशनबी. बाकीच्या वस्तीतल्याच सुना.

"काय हनमंतभाऊ, रोपाला बघून रडताय व्हय?" चिमाबाईंनी लांबूनच हाक दिली. "सरका, पोरींना उतरू द्या."

आबा सरकले नाहीत. बांध अरुंद होता आणि ते त्याच्या मधोमध उभे होते.

"कुनी बोलावलं?"

"बोलवायला लगीन हाय का?"

"उद्या ग्रामसभा. आन् आज सावड आली. पंधरा दिस कुटं व्हती?"

रोशनबीने डोक्यावरचा कागद मागे सारला. "आबा, असं काय बोलताय? रोप बगा की कसं झालंय."

"मला दिसतंय रोप. मला दुसरंबी दिसतंय. आज तुमी माझ्या चिखलात वाकायचं. मग उद्या सभेत तुमच्या इरुद्द माझं त्वांड उघडंल का? ज्येनी ही युगत शिकवली त्येला सांगा, हनुमंता रोपापायी इकला जात न्हाई. जावा माघारी."

कुणीच हलले नाही. एका सुनेच्या तोंडून हसू निसटले आणि तिने ते पदरात दाबले. चिमाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या आणखी दोन पावले पुढे आल्या.

"हनमंतभाऊ, मी नवी नवरी व्हते तवा माझ्या सासूनं सांगितलंवतं, ओव्हाळांच्या चिखलात पाय ठेवायचा न्हाई. मी ठेवला. ह्या वस्तीतली पयली बाई मी. घरी आल्यावर मला चार दिस चुलीपाशी घेतलं नव्हतं. तवा मी तुमच्याकडं कंची सही मागितलीवती?"

 एवढ्यानेही आबांचे पाऊल मागे झाले असते, तर पुढचा अनर्थ टळला असता. पण चाळीस वर्षांचा काटा एका सकाळी निघत नाही. ते जागचे हलले नाहीत.

"चला गं," चिमाबाई वळल्या. "म्हाताऱ्याला त्याचं रोप लखलाभ."

"फोटू काढून ठेवा म्हनावं रोपाचा," मागून कुणीतरी म्हणाले, आणि रंगीत कागदांची रांग पावसात वस्तीकडे उतरू लागली.

उताराच्या मध्यावर त्यांना भागुबाई भेटल्या. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात भाकऱ्यांची पाटी. बाया थांबल्या नाहीत. भागुबाई तशाच वर आल्या आणि पाटी त्यांनी बांधावर ठेवली.

"काय केलंत?"

आबांनी सांगितले. थोडे बढाईने सुरू केले, आणि बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून मध्येच थांबले.

"ती कुटं जात व्हती मंगळवारी, ठाऊक हाय?" भागुबाई म्हणाल्या. "पयला मंगळवार चिमाबाईच्या खाचरात. दुसरा रोशनबीच्या. तिसरा पुन्यांदा चिमाबाईच्या. हप्त्यातनं एक सुट्टी मिळती तिला, ती चिखलात वाकून घालवली. म्हयना व्हत आला, सुदुंबऱ्याची वाट बघितली न्हाई तिनं. आईला फोनवर खोटं सांगती, हाटेलात काम लय हाय म्हनून. ही सावड तिच्या पाठीची हाय. तुमी हाकलून दिली."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगून काय झालं असतं? काल सांगाया लागली तर तुमी म्हनला, उद्याचं उद्या."

आबा बांधावर बसले. किटलीतला चहा कुणीच ओतून घेतला नाही.

त्या दिवशी दोघे म्हातारे मिळून लावणी करू लागले. आबा रोप उपटून मुळे धूत आणि जुड्या बांधत. भागुबाई वाकून लावत. दर चार हातांवर त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहत, आणि पुन्हा वाकताना तोंडातून निघणारा आवाज नवऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून खोकत. संध्याकाळपर्यंत खाचराच्या कोपऱ्यात घोंगडीएवढा हिरवा तुकडा दिसू लागला. उरलेला चिखल तसाच होता.

ज्योत्स्नाला येता येता जीपमध्येच सारे कळले होते. तिने आबांना जेवायला वाढले, भाजी हवी का ते विचारले, दुसरे काही बोलली नाही. आबांना शिव्या चालल्या असत्या.

*

मंगळवारी शाळेच्या खोलीत ग्रामसभा भरली. सरपंच सविताताई खुर्चीवर होत्या, शेजारी ग्रामसेवक वही उघडून, आणि कडेला अनघाताई. पंचविशीची, पुण्याकडची मुलगी. चपला तिने बाहेर काढल्या होत्या आणि तिचे पायमोजे भिजले होते. ज्योत्स्ना बायांत बसली होती. आबा दाराजवळ बसले. कुणी त्यांना पुढे या म्हटले नाही.

पाठिंब्याची यादी वाचली जाऊ लागली. चौदावे नाव येताच आबा उठले.

"थांबा. म्या सही केल्याली न्हाई."

"सही नाहीये आबा," अनघाताई लगेच म्हणाली. "नावापुढे तसं लिहिलंय, 'तोंडी ना हरकत'. तुम्हीच मला म्हणालात ना? जूनमध्ये मी तुमच्या बांधावर आले होते. मी विचारलं, आबा, आमची माणसं इथून वर माळावर जातील, मापं घेतील, तुमची काही हरकत नाही ना? तुम्ही म्हणालात, हरकत न्हाई. मला चहापण दिलात. पुढे सही नाही केलीत, पण मला वाटलं, ते फक्त वाटेपुरतं."

 कोपऱ्यातून दस्तगीरचे हसू फुटले आणि त्यापाठोपाठ सगळ्यांचे.

"ताई," आबा म्हणाले, "पाव्हना दारात आला, बसू का म्हनला, तर आमी म्हनतो, हरकत न्हाई. त्येला घरच पायजे असंल तर त्येनं तसं इचारावं."

"आन् माझी जीप तुमच्या अंगनात लावाया हरकत न्हाई म्हनलावता, आबा!" दस्तगीर ओरडला. "मग अंगन माझ्या नावावर कवा करताय?"

अनघाताई कानापर्यंत लाल झाली. आबा तिच्याकडे निरखून पाहत होते. तिथे कपट नव्हते. तिने ऐकले तेच लिहिले होते. शब्द तोच होता, फक्त तो बांधावरचा होता आणि तिने तो कागदावर नेला होता. हे उमजल्यावर आबांना हायसे वाटायला हवे होते, पण त्यांची धास्ती वाढलीच. मनात कपट नसताना नाव असे चढते, तर असल्यावर काय होईल?

मग जे करायला सबंध रात्र धीर झाला नव्हता ते त्यांनी केले. बायांच्या बाजूला वळून, पण कुणाकडेही न पाहता, ते म्हणाले, "म्या माझ्या सुनंवर आळ घेतलावता, की हे नाव तिनं लिवलं. तिनं लिवल्यालं न्हाई. समद्यांनी ऐका. आन् काल बांधावर जे बोललो तेबी चुकीचं बोललो."

चिमाबाई छताकडे पाहत राहिल्या.

"मी नाव काढते, आबा. चूक माझी आहे," अनघाताई म्हणाली. "पण वाट खरंच कुणी बंद करत नाहीये."

"मग लिवा तसं."

"लिहून द्यायचा अधिकार मला नाही. हेड ऑफिसला विचारावं लागेल."

"वाट बंद करायचाबी अधिकार तुमाला न्हाई, पोरी. ज्येला हाय त्यो हितं न्हाई. मग तुझ्या शब्दाला मी काय बांधू?"

सरपंच सविताताईंनी टेबलावर पेन आपटले. "आबा, एका वाटेपायी समदं काम दुसऱ्या गावाला गेलं तर? ह्या पोरी रोज लोणावळ्याला मरत जातात, त्यांना काय सांगू मी?"

प्रश्न खोटा नव्हता.  खोलीतली माणसे आबांकडे पाहू लागली, आणि त्या पाहण्यात राग नव्हता, कंटाळा होता. तेव्हा बायांमधून ज्योत्स्ना उठली.

"माझी सही हाय यादीत. मला काम पायजे, म्हनून केलीय. मी ती उगाच काढणार न्हाई." तिने अनघाताईकडे पाहिले. "पण ताई, मी जिथं कामाला जाते तिथं आमाला मागच्या दारानं घेत्यात. जाताना पिशवी उघडून दाखवावी लागती. गेट म्हंजे काय ते मला आबांपेक्षा जास्त ठाऊक हाय. ठरावात लिहा: झऱ्याची वाट सगळ्यांना, बारा महिने, गेटाबिगर. हे कंपनीनं सहीनिशी मान्य केलं तर आमचा पाठिंबा. न्हाईतर माझी सही मला परत."

"हे आधी का नाही सांगितलंस?" सविताताईंनी विचारले.

"आधी वाटलं, म्हातारपणी मानसाला भ्या वाटतं तसं आबांना वाटतंय. आज ते 'तोंडी ना हरकत' ऐकलं आन् मलाबी वाटाया लागलं."

खोलीत कुजबुज झाली. आबा चिमाबाईंकडे पाहत होते. आता त्या काल विझलेला जाळ पेटवणार, अशी त्यांची खात्री होती. चिमाबाई बसल्या जागेवरूनच बोलल्या.

"हा म्हातारा उर्मट हाय. माझं त्येच्याशी बोलनं न्हाई. पन वैशाखात हंडा माझ्या डोक्यावर असतो, त्येच्या न्हाई. लिवा वाट."

ग्रामसेवकाने सरपंचांकडे पाहिले. सविताताई मान हलवून म्हणाल्या, "लिहा." ठराव लिहिला गेला, वाचला गेला, हात वर झाले. चौदाव्या नावावर काट मारली गेली. अनघाताईने पानाचा फोटो काढला.

"मी आजच पाठवते," ती म्हणाली. "पण ते मान्य करतील असं मी सांगू शकत नाही."

तिच्या तोंडून निघालेले हे पहिलेच वाक्य आबांना संपूर्ण खरे वाटले.

सविताताईंनी पेन पुढे केले. "आता तरी, आबा?"

"कंपनीची सही आदी. माझी मागनं," आबा म्हणाले आणि पायरीवर चपला शोधू लागले.

*

बुधवारी उजाडता उजाडता हनुमंतआबा कुणालाही न सांगता घरातून निघाले. चिमाबाईंच्या वरच्या खाचराची लावणी अजून व्हायची होती. सोमवारचा दिवस त्यांनी त्यासाठी न वापरता आबांसाठी काढला होता, हे आता आबांना ठाऊक झाले होते. खाचराच्या कडेला रोपाचा वाफा होता. बाया अजून यायच्या होत्या. आबांनी एक फुटके घमेले पालथे घातले, त्यावर बसले आणि रोप उपटायला लागले. मूठभर रोप धरायचे, मुळांसकट हळू ओढायचे, पाण्यात आपटून चिखल धुवायचा, बांधायचे. सत्तरीच्या बोटांना पकड धरायला वेळ लागत होता. पावसाचे पाणी मानेवरून पाठीत उतरत होते. त्यांच्या बाजूला जुड्यांची ओळ वाढू लागली.

चिमाबाई आल्या, उभ्या राहिल्या. त्यांनी एक जुडी उचलून मुळे पाहिली आणि ती खाचरात भिरकावली. मग दुसरी. बराच वेळ दोघांत एवढाच व्यवहार चालला. हे बांधत होते, त्या फेकत होत्या. मागाहून रोशनबी आणि सुना आल्या, त्यांनी एकमेकींकडे पाहिले आणि मुकाट्याने वाकल्या.

ओळी अर्ध्या खाचरापर्यंत गेल्यावर चिमाबाई पाठ सरळ करून म्हणाल्या, "तुमचं रोप लय वाढलंय. शेंडं खुडून लावाय लागंल."

आबांनी वर पाहिले. "मूळ धरंल का?"

"दाट लावलं तर धरंल. चारच्या जागी सहा काड्या घालायच्या." त्या पुन्हा वाकल्या. "उद्या सकाळी येतोय आमी. ज्योत्स्नाला सांगून ठेवलंय मी. सावड तिची हाय हनमंतभाऊ, तुमची न्हाई. बांधावर आडवं उभं ऱ्हायचं न्हाई."

"न्हाई ऱ्हात," आबा म्हणाले, आणि पुढची मूठ धरली.

कंपनीचे उत्तर त्या दिवशी आले नव्हते. त्यानंतर काय यावे हे कुणाच्याच हातात नव्हते. उंबरटेकच्या त्या ओल्या सकाळी चिखलात उभ्या असलेल्या साऱ्यांचे रोप जगो. ज्यांनी गरजेपोटी हो म्हटले आणि ज्यांनी भयापोटी नाही म्हटले, त्या दोघांच्याही घागरी येत्या वैशाखात भरोत; आणि दूर कुठल्याशा कचेरीत जो कुणी तो कागद वाचेल, त्यालाही तो सावकाश आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचण्याची बुद्धी होवो.